डाव्या हातावरचे चौकोन

सरांच्या शर्टाची उजवी बाही मनगटाशी बटण लावून बंद असायची आणि डावी कायम कोपरापर्यंत दुमडलेली. त्या हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने काढलेले चौकोन, आणि प्रत्येकात त्यांनी स्वतः केलेल्या एकेका नव्या साबणाचा थेंब चोळलेला. कुठला चौकोन लाल होतोय हे ते दिवसभर बघत राहायचे. गोंदियाच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला लागले तेव्हा मला वाटलं, या माणसाला खरूज आहे. पोरं त्यांना ‘बाहीवाले सर’ म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. चहा उभ्याने, पेपर तपासणं व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. मध्येच माझी क्रीमची ट्यूब मागून घ्यायचे आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायचे. शेवटी वैतागून मी ट्यूब घरीच ठेवायला लागले.

प्रयोगशाळेत कुणी उरलेलं रसायन बेसिनमध्ये ओतताना दिसलं की त्यांचा ठरलेला सवाल असायचा, “फेकाले जागा नाही, तं बनवता कायले?” विषारी वस्तू आधी करायची आणि मग तिची विल्हेवाट लावत बसायचं, यापेक्षा ती करूच नये, असं त्यांचं म्हणणं. घरी भांडी घासलेलं पाणी ते वांग्याच्या रोपांना घालायचे. रोपाने मान टाकली की सरांना जेवण जात नसे.

दोन हजार पाचच्या सुमारास, जून महिन्यात, जवळच्या कामठा गावातल्या बचत गटाच्या इंदूबाई त्यांच्याकडे आल्या. गट भांड्यांचा पातळ साबण करून गोंदियात विकायचा. शिकवणाऱ्याने फेस आणणारी अ‍ॅसिड स्लरी आणि कॉस्टिक सोडा यांचं प्रमाण सांगितलं होतं, हातांचं काही सांगितलं नव्हतं. इंदूबाईंचे तळवे सोलून निघाले होते.

“रोवणी तोंडावर आली,” त्या म्हणाल्या. “या हातानं चिखलात कशी उतरू, सर?”

सरांना मी त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत बसलेलं पाहिलं.

मग दर रविवारी कामठ्याची बस. स्लरी गेली, रंग गेला, लिंबाचा नकली वास गेला, फेसही कमी झाला. गोंदियाचे दुकानदार कुरकुरायचे, “झाग नहीं तो साबुन कैसा?” पण बायांचे हात भरून आले. कुणीही इथे थांबलं असतं. सरांना चैन पडेना. साबण टिकावा म्हणून त्यात फॉर्मेलिन होतं, तेही विषच, म्हणून काढायचं त्यांनी मनावर घेतलं. आता पुरे करा, असं मी सांगून पाहिलं. ऐकतील तर ते सर कसले!

पुढच्या मे महिन्याच्या उन्हात कॅनमध्ये बुरशी धरली, घाण सुटली आणि दुकानदारांनी सगळा माल परत पाठवला. बाया रडकुंडीला आल्या. सडक्या साबणातले जंतू काही कमी घातक नसतात, हे आम्ही बारावीच्या पोरांना शिकवतो. मी तसं तोंडावर बोलले. त्यांनी मान हलवली आणि येरझाऱ्या चालूच ठेवल्या.

माफी मागायला ते कामठ्याला गेले, तेव्हा मी सोबत होते. इंदूबाईंच्या अंगणात खाटेवर कोहळ्याच्या वड्या वाळत होत्या. सर तिथेच थबकले. वड्या वर्षभर टिकतात, कारण त्यांत पाणी नसतं. साबण पाण्यामुळे सडत असेल, तर त्यात पाणी घालायचंच कशाला?

“बाई, साबणाच्या वड्या घालू,” ते म्हणाले.

इंदूबाईंनी आधी यथेच्छ शिव्या घातल्या, मग परात आणली. त्या वड्या टिकल्या आणि हळूहळू खपूही लागल्या.

पुढे काही वर्षांनी एका हिवाळ्यात सर गेले. बसस्टँडवर कामठ्याच्या बसची वाट बघत असताना, उभ्याउभ्याच. मला त्यांचा तेव्हाही रागच आला. एवढी कसली घाई होती?

तेरवीला कामठ्याच्या बाया आल्या आणि कुणी न सांगता आपल्याच वड्यांनी गंज-पराती घासायला बसल्या. संध्याकाळी इंदूबाईंनी ओले तळवे माझ्यापुढे धरले.

“पाहा मॅडम. दिवसभर घासून राहिलो, पण जळत नाही.”

मला रडू आवरेना. डोळे पुसताना त्यांच्या डाव्या मनगटाकडे लक्ष गेलं. तिथे बॉलपेनने काढलेला चौकोन होता, आतून किंचित लाल. अजून विकायला न काढलेल्या नव्या वडीचा.

“हे नाही जमली,” त्या म्हणाल्या. “पुन्हा करू.”

कुणीतरी चहा आणला. इंदूबाईंनी तो उभ्यानेच घेतला.