पुलाखालची सावली

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात पाथर्डीच्या रस्त्यावरचे पूल तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. धान्याचे आणि पाण्याचे जड ट्रक सारखे जात, आणि त्यातल्या एका पुलाच्या तिसऱ्या गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाला, खालून चीर दिसली होती. ती वरवरची की आतवर गेलेली, हे नुसतं बघून कळेना. म्हणून पुण्याहून एक इंजिनिअर थरथर मोजायचं यंत्र घेऊन जीपने आले. रीत सोपी होती. भरलेला ट्रक प्रत्येक गाळ्यावर फळीवरून दणकन उतरवायचा. गाळा कसा हलतो ते यंत्राची लेखणी कागदावर काढते. गाळे सारखेच बांधलेले, त्यामुळे ज्याची थरथर इतरांपेक्षा संथ, तो आतून खचलेला.

पहिला कागद वाया गेला. ट्रक यायच्या आधीच लेखणी नाचत होती. खाली कोरड्या नदीत दुष्काळी कामावरच्या बायका खडी फोडत होत्या, अगदी खांबाला लागून. आसपास तेवढीच सावली होती. मी उतरून हातोडे थांबवायला सांगितले.

"बसा गं," त्यांच्यातली एक म्हातारी म्हणाली. "साहेब, रोज येत जावा. असलं काम कुनी सांगत न्हाई आमाला."

बायका हसल्या. मग ट्रक गेला. इतर गाळ्यांच्या रेघा दाट आल्या, तिसऱ्याच्या लांबट, सैल. पुन्हा घेतल्या, तशाच.

ट्रकसाठी नदीतूनच वाट आखून दिली. पाणी नव्हतंच. पण एक गाळा पडला तर शेजारचे ओढले जातील, म्हणून पुलाखाली कुणीच बसायचं नव्हतं.

"पूल तर उभा हाय की," म्हातारी म्हणाली.

"आतून तुटलाय, मावशी."

"आन् उन्हाचं काय? ते न्हाई मोजलं व्हय?"

ताडपत्री मागवतो, म्हणालो. ती कधी येते हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

पाट्या उचलून बायका उन्हात गेल्या. एकीने झोपलेलं पोर झोळीतून काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आमच्या जीपखाली निजवलं. इंजिनिअरना उजेडात पुणं गाठायचं होतं. जीपच्या ड्रायव्हरने मात्र किल्ली काढून खिशात टाकली.

"गाडी चालू केली की पोर उठंल, साहेब."

हातोडे पुन्हा सुरू झाले. त्यांची पोराला सवय होती. अजून दोन पूल बघायचे होते. आम्ही तिघं उन्हात दगडांवर बसून राहिलो.