पंच क्रमांक दोन

एलएलएमच्या वर्गात आम्हाला चाकू शिकवत होते. म्हणजे चाकूचा फोटो. परदेशातल्या कुठल्या तरी स्वयंपाकघरातला, शेजारी मोजपट्टी, वर पिवळा नंबर. रक्ताचा डाग कापसाने कसा उचलायचा, पाकीट कसं बंद करायचं, लाखेचं सील कुठे मारायचं. एसी इतका गार की पहिल्या बाकावरच्या मुली ओढण्या गुंडाळून बसायच्या. गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक घेतलेल्या आमच्या अख्ख्या वर्गात पोलीस ठाण्याची पायरी चढलेली मी एकटीच. तीसुद्धा पत्रकं वाटताना उचलून नेलं म्हणून.

सर म्हणाले, "जप्तीच्या वेळी दोन पंच हवेत. त्याच भागातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित."

सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. प्रतिष्ठित! आमच्या परळ-लालबागला पोलिसाने हाक मारली की प्रतिष्ठित माणूस दार लावून घेतो. जातो तो पानवाला, चहावाला. ज्याचं दुकान फुटपाथवर आहे आणि उद्याही तिथेच असावं असं ज्याला वाटतं, तो. त्याच्यापुढे लिहून तयार असलेला कागद सरकवतात, तो सही ठोकतो, आणि त्या सहीवर कोणीतरी जन्मठेपेला जातो.

हे मी उभं राहून बोलले. वर म्हणाले, "मला या सहीबहाद्दरांची किळस येते."

सर चष्मा पुसत म्हणाले, "भाषण छान. आता चालू खटल्यातला एक पंचनामा आणा आणि तपासून दाखवा."

चालू खटला आमच्याच चाळीत होता. तिसऱ्या माळ्यावरची मावशी हॉस्पिटलात आया आहे. तिचा मुलगा टेम्पो चालवायचा. रे रोडला लाकडाच्या वखारीबाहेर मारामारी झाली, एक जण भोसकला गेला, मेला, आणि हा दोन वर्षांपासून आत. त्याने मारलं की नाही, मला माहीत नाही. मावशीलाही माहीत नाही, फक्त ती तसं म्हणत नाही. तिने साडीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवलेले सगळे कागद माझ्या हातात दिले.

"घेऊन जा गं. आमचा वकील म्हणतो, बाकी काही नाही त्यांच्याकडे, पण पोराने स्वतः चाकू काढून दिलाय. आता तेवढ्यावर लटकलंय सगळं."

पंचनामा साडेतीन पानांचा. आरोपीने पंचांसमक्ष सांगितलं, पंचांना घेऊन वखारीमागे गेला, पत्र्याखालून चाकू काढून दिला. वेळ सकाळी अकरा ते एक. तारीख तेरा एप्रिल, जयंतीच्या आदल्या दिवसाची. शेवटी पंच क्रमांक दोनची सही. सहीखाली आडवी रेघ, रेघेखाली दोन टिंबं.

ती टिंबं माझ्या शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर आहेत.

माझे पप्पा पोलीस ठाण्यासमोर इस्त्री करतात. टेबल फुटपाथवर, वर निळी ताडपत्री, आणि निम्म्या वर्द्या ठाण्याच्या. जयंतीच्या आदल्या दिवशी तर अख्ख्या चाळीचे पांढरे शर्ट आणि पांढऱ्या साड्या त्यांच्या टेबलावर येतात. त्या दिवशी सकाळपासून घड्या माळ्यांवर पोचवायला मीच होते. अकरा ते एक पप्पा रे रोडला नव्हते. माझ्यासमोर घामाने निथळत होते.

मी तशीच टेबलापाशी गेले.

"पप्पा, हे काय?"

त्यांनी कागद लांब धरला. "माझी सही."

"तुम्ही गेला होतात रे रोडला?"

"त्या दिवशी मान वर करायला वेळ होता काय?"

"मग?"

"संध्याकाळी हवालदार आला. काका, पाच मिनिटं, म्हणाला. गेलो, सही केली, आलो."

"वाचलं नाहीत? कोणाचा पोरगा आहे, बघितलं नाहीत?"

"टेबलावर त्यांच्याच वर्द्या पडलेल्या. तिथे वाचत बसू? पेपरात आलं तेव्हा कळलं कोणाचा ते."

म्हणजे कळलं होतं. दोन वर्षं हा माणूस जिन्यात मावशीला भेटल्यावर "काय ताई, बरं आहे ना?" म्हणत होता. मी भर रस्त्यात ओरडले, "लाज नाही वाटली?"

पप्पांनी इस्त्री उभी केली. "गेल्या वर्षी तू अर्ज दिलास, चाळ नवी बांधेपर्यंत संक्रमण शिबिरात आम्ही जाणार नाही म्हणून. माझी सही कशावर घेतलीस?"

मी टेबलावरचा पंचनामा उचलून पिशवीत कोंबला.

"कोरा फूलस्केप होता. वर काय लिहिणार ते बोललीस?"

"ते तुमच्या भल्याचं होतं."

"हवालदारपण हेच बोलतो."

ते खरं होतं. मी जिची पत्रकं वाटायचे त्या आमच्या संघटनेत तशीच पद्धत होती. आधी सह्या गोळा करा, मजकूर रात्री बसून लिहू. मजकुराला मी हुशार होते, सगळे म्हणायचे. "आम्ही सर्व रहिवासी एकमुखाने" हे शब्द माझे. अर्ध्या चाळीला शिबिरात जायचं होतं. मावशीला तर नक्कीच, तीन जिने चढून तिचे गुडघे गेलेत. तिचीही सही त्यात होती. वर्गात मला ज्यांची किळस आली, त्यांना सह्यांची सवय लावणारी टोळी पोलिसांची एकच नव्हती.

महिन्याभराने पप्पांना साक्षीचं समन्स आलं. साक्षीदाराला काय बोलायचं ते पढवणं हा काय प्रकार असतो, हे मी त्याच सेमिस्टरला शिकत होते. म्हणून पप्पांना एक शब्द सांगितला नाही. खरं तर रागाने बोलतच नव्हते.

साक्षीच्या दोन दिवस आधी हवालदार वर्द्या घेऊन आला. मी बाजूलाच उभी.

"काका, सोपं आहे. सही माझी म्हणायचं, चाकू हाच म्हणायचं, घरी जायचं. पोरगी वकील झालीय ना, तिला विचारा."

"ती बोलत नाही माझ्याशी," पप्पा म्हणाले आणि त्याच्या वर्दीच्या कॉलरवर इस्त्री दाबत राहिले.

सत्र न्यायालयात पप्पा स्वतः इस्त्री केलेला पांढरा शर्ट घालून पिंजऱ्यात उभे राहिले. मावशी माझ्या शेजारी, रिकामी पिशवी मांडीवर. सरकारी वकिलाने पंचनामा पुढे केला. सही तुमची? हो. पाकीट फोडून चाकू दाखवला. आरोपीने हाच चाकू तुमच्यासमोर काढून दिला?

पप्पांनी चाकूकडे पाहिलं.

"हा मी आज पहिल्यांदा बघतोय. मी तिथे गेलोच नव्हतो. कागद लिहिलेला होता, मी सही केली."

न्यायाधीशांनी विचारलं, "न वाचता?"

"हो साहेब. चूक झाली."

लगेच सरकारी वकिलाने त्यांना फितूर ठरवायची परवानगी मागितली. हा शब्द कोणी शोधला असेल? दोन वर्षं पप्पा खोटे होते, तेव्हा सरकारी साक्षीदार. तोंडातून पहिलं खरं वाक्य निघालं आणि फितूर.

खटला अजून चालू आहे. मावशीचा मुलगा आतच आहे. सरांनी या पंचनाम्यावरचा माझा निबंध "फार वैयक्तिक" म्हणून परत दिला. नव्या कायद्यात जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालंय, त्यामुळे हा प्रश्न आता ऐतिहासिक आहे, म्हणे. ज्याला ऐतिहासिक म्हणायचं तो माणूस रोज मला डबा भरून देतो. ठाण्याच्या वर्द्या साक्षीच्या दुसऱ्या दिवसापासून बंद झाल्या. टेबल अजून उचललेलं नाही, पण पालिकेची माणसं दोनदा मोजमाप घेऊन गेलीत.

मागच्या आठवड्यात मी अर्ज लिहिला. धंदा रस्त्यावर असलेल्या माणसांना पंच म्हणून ओढू नका, असा. या वेळी मजकूर आधी, सह्या नंतर. पहिला कागद पप्पांपुढे ठेवला. त्यांनी एक चादर पूर्ण केली, हात पुसले आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. गिऱ्हाईक उभं राहिलं, त्याला थांब म्हणाले. शेवटच्या परिच्छेदाशी बोट अडलं.

"'आम्ही कोणालाही घाबरत नाही.' हे कोण बोललं?"

"ते असंच, अर्जात लिहितात."

"मी घाबरतो," पप्पा म्हणाले. माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनी ती ओळ सरळ खोडली. मग सही केली, खाली रेघ मारली आणि दोन टिंबं दिली.