दीड मिलिमीटरची भिंत

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वर्षभर वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना हसलोय. मी सीएनसी मशिनिस्ट, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर धातूचे पार्ट बनवणारा. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाहीच... म्हणजे नव्हतं.

ग्लासगोजवळच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी मिलिंग करतो, फिरत्या कटरने धातू कापतो. गेल्या नोव्हेंबरमध्ये ॲल्युमिनियमचा एक पार्ट आला — डब्यासारखा, भिंती फक्त दीड मिलिमीटर जाड. इतक्या पातळ भिंतीला कटर लागला की ती थरथरते, मशीन किंचाळतं आणि धातूवर लाटा उमटतात. तीन पीस भंगारात गेले. स्पीड बदलला, कट कमी केला, भिंतीला आधार म्हणून आत मेण ओतून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

त्याच आठवड्यात पुण्यात बाबा आयसीयूमध्ये होते. ताई रोज विचारायची, "अरे, निघतोयस कधी?"

"हा एक पार्ट होऊ दे, की निघालोच."

मला कुणी अडवलं नव्हतं. सुपरवायझर इयन तर म्हणाला होता, "गो होम, पॅल. इट्स ओन्ली ॲल्युमिनियम." मीच हटून बसलो. बाबांनी भोसरीत जन्मभर मिलिंग मशीन चालवलं, पण काम अर्धवट टाकून ते कधी उठले नाहीत. तेव्हा मला तेच बरोबर वाटत होतं. आज लाज वाटते.

गुरुवारी सकाळी पावणेअकराला चौथ्या पीसचा शेवटचा, फिनिशिंग कट सुरू केला. पहिल्याच फेरीत तेच किंचाळणं. थांबवायला बटणाकडे हात नेला... आणि आवाज बंद. कटर फिरत होता, धातूच्या चिप्स उडत होत्या, पण भिंत गप्प. स्क्रीनवर कंपनाचा ग्राफ सपाट.

इयन येऊन उभा राहिला. "व्हॉट डिड यू डू?"

"नथिंग."

खरंच काही केलं नव्हतं. बावीस मिनिटांनी कट संपला. मोजलं — भिंत सगळीकडे दीड. आनंदबिनंद काही झाला नाही. हात पुसले, तिकीट काढलं आणि ताईला फोन लावला.

"अरे, आत्ता बाबांनी घाबरवलंच," ती म्हणाली. "अर्धा तास झाला असेल... चिमटीत काहीतरी धरल्यासारखा हात वर केला आणि म्हणाले, 'धरलंय मी. चालव तू.' तेव्हापासून बोलतच नाहीयेत."

बाबांच्या जुन्या मशीनला दार नव्हतं. पातळ काम थरथरायला लागलं की ते सरळ बोटांनी भिंत धरून ठेवायचे. धोक्याचं होतं, पण तिथे सगळेच करायचे. माझ्या मशीनचं दार उघडलं की ते बंदच पडतं. आत हात जाऊच शकत नाही.

शुक्रवारी दुपारी पोचलो. बाबा शुद्धीवर नव्हते. हात चादरीवर, चिमूट घट्ट मिटलेली.

"कालपासून उघडतच नाहीये हो," नर्स म्हणाली.

मी त्यांच्या कानाशी वाकलो. "बाबा, पार्ट झाला. चांगला झालाय. सोडा आता."

बोटं उघडली. संध्याकाळी बाबा गेले. मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही.

तो ग्राफ वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी पाहिला. त्याच सेटिंगवर पुढचा पीस पुन्हा किंचाळला. का, ते कुणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही. तीन दिवस आधी निघालो असतो, तर त्या बोटांनी माझा हात धरला असता... मला कळतं ते एवढंच.