वैऱ्याच्या बांधावरची करवंदं

माझा धाकटा चुलतदीर म्हणजे एक नंबरचा आडमुठा. जोतिबाच्या पायथ्याला आमची रानं शेजारी-शेजारी, मधे एक बांध. त्या बांधावरनंच आमची जायची-यायची वाट. चार वर्षांमागं आमच्या ट्रॅक्टरनं बांध कोरला म्हणून तो पिसाळला. आम्ही कोरला नव्हता, पण ऐकतोय कोण! त्यानं बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत काटेरी झुडपं लावली आणि वाट बंद केली. तेव्हापासून वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन मी ओढ्याकडनं वळसा घालते. त्या काट्यांकडं मी कधी धड बघितलंही नाही. बघितलं की डोकं फिरायचं.

घरामागं माझ्या मधपेट्या आहेत. जमीन मालकांची, म्हशी सासूबाईंच्या; माझं म्हणावं असं या घरात तेवढंच. पण चहूबाजूंनी नुसता ऊस. उसाच्या तुऱ्यात माशीला काय मिळणार, कप्पाळ! थंडी सरत आली की त्यांचे हाल सुरू. साखरेच्या पाण्यावर किती दिवस काढायचे? गेल्या साली दोन पेट्यांतल्या माश्या उठून गेल्या. उघडून बघितलं तर आत नुसती मेणकिड्यांची जाळी. तेव्हाच ठरवलं, लवकर फुलणारं, वासाचं झाड शोधून लावायचंच. शहरातल्या एका नर्सरीवाल्यानं "ताई, डोळे झाकून न्या" म्हणत कुंतीची रोपं गळ्यात मारली. वास काय, घमघमाट! पण फुलली कधी, तर पावसात. त्याला जाऊन असं झाडलं की दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर पडली.

यंदा मात्र थंडी सरायच्या आतच पेट्यांवर वर्दळ वाढली. माश्या भरून येत होत्या. कुठनं? एका सकाळी त्यांच्या मागं मागं गेले, तर सगळ्या सरळ दिराच्या बांधाकडं. आधी वास आला, जाईसारखा. पण जाई कुठली रानात! जवळ गेले तर झुडपं नुसती गुणगुणत होती. पांढरी, पाच पाकळ्यांची, चांदणीसारखी बारीक फुलं. जोडीजोडीनं काटे. पान तोडलं तर दुधासारखा चीक. अगं बाई, करवंद! लहानपणी डोंगरावर जीभ काळी होईस्तोवर खाल्लेली. फळ सगळे ओळखतात, फूल बघतंय कोण? माझ्या माश्या वैऱ्याच्या ताटात जेवत होत्या.

आपण लावली तर फुलायला तीन-चार वर्षं. तोवर हे कुंपण राहिलं तरच माझ्या पेट्या राहणार.

आणि त्याच आठवड्यात दीर दारात! वाडीला दत्ताचं दर्शन घेऊन आलेला, हातात पेढ्यांचा पुडा. भांडणानंतर पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्याला पाय लावला.

"वैनी, म्हाराजांच्या पायाशी बसून ठरवलंय. भांडान संपलं. उद्या कोयता लावतो आन तुमची वाट मोकळी करतो."

खरं सांगून टाकावं असं अगदी ओठावर आलं. पण मी याला ओळखते. आज देवाचा अंगारा लागलाय, पुढच्या महिन्यात पाण्याच्या पाळीवरनं पुन्हा वाजणार. आणि माझं दुखतं कुठं हे एकदा याला कळलं की पहिला कोयता तिथंच पडणार.

"कुणी मागितलीय तुझी वाट?" मी म्हणाले. "तुझ्या नाकावर टिच्चून वळसा घातलाय, अजून घालीन. भीक घालाय आलास व्हय? पेढं उचल आन चालता हो!"

त्याचा चेहरा पडला. खरंच पडला. मला गलबलून आलं, पण रस्त्याकडं बोट दाखवलं. मग त्याची कानशिलं तापली.

"आस्सं? मग मर वळसा घालून! एक काटाबी काढणार न्हाय. पार हिरीपतोर लावतो की न्हाय बघ!"

"लाव की!" मी ओरडले. "बघू किती लावतोस!"

पुडा तसाच उंबऱ्यावर टाकून तो गेला. मी दार आपटलं आणि तिथंच बसून रडले. पाय फार दुखतात हो माझे.