गाठ मारलेली पिशवी

उमेश बुऱ्हाणपूरच्या घाटावरचा गोताखोर. बुडालेल्याला काढायला तापीत उतरला, की हाताला आधी निर्माल्याची पिशवी लागायची. बुडावी म्हणून आत दगड, वर करकचून गाठ, मध्ये कुजून बुळबुळीत झालेला झेंडू. वीस वर्षांत त्याला असल्या भक्तीची शिसारी आली होती.

यंदा तो सहकुटुंब मालवणला गेला, स्कूबा करायला. “श्वास रोखायचा नाही, कशाला हात लावायचा नाही,” प्रशिक्षकाने बजावलं. खाली नितळ पाणी, पिवळेधमक मासे. पाण्यात पहिल्यांदाच त्याला मळमळलं नाही.

तेवढ्यात वरून गाठ मारलेली पिशवी आली. नियम गेला चुलीत! उमेशने ती पकडली.

वर होडीत त्याची बायको सिंधू हात जोडून बसली होती.

“घरून आणली होती,” ती म्हणाली. “तापीत तर तुम्ही टाकू देत नाही ना!”