मल्हारीचा आक्षेप

मल्हारी धनगराच्या घरात जन्मलेला. दोनशे मेंढरांत कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे त्याला लांबूनच कळायचं. माणसं तर त्याहून सोपी. म्हणूनच अठ्ठ्याहत्तरच्या विधानसभेपासून खडकवस्तीच्या शाळेत तो पोलिंग एजंट म्हणून बसत आला. मत द्यायला आलेला माणूस खरा की दुसऱ्याच्या नावावर घुसलेला, हे पाहायचं आणि खोटा दिसला तर दोन रुपये भरून आक्षेप घ्यायचा, एवढंच ते काम. बाकीचे एजंट यादीवर बोट फिरवत बसत. मल्हारी यादी मांडीखाली घेऊन बसायचा. दारात सावली पडली की नाव सांगायचा, वर बापाचं आणि आज्याचंही.

या मतदारसंघाचा इतिहास सरकारी दप्तरात आकड्यांनी लिहिलेला असेल. वस्तीवर तो पायगुणानं सांगतात. बहात्तरचा आमदार बैलगाडीतून आला, गुलाल उधळला आणि त्याच वर्षी पावसानं दडी मारली. झालं! दुष्काळाचं खापर त्या बिचाऱ्याच्या माथी फुटलं आणि पुढच्या खेपेला त्याचं डिपॉझिटही वाचलं नाही. पंच्याऐंशीच्या आमदाराच्या पायगुणानं सडक आली, सडकेमागून कारखाने आले आणि मेंढरं चारायच्या माळाचे प्लॉट पडले. त्याला लोकांनी दोनदा निवडून दिलं आणि जन्मभर शिव्या घातल्या. दोन हजार नऊला तर मतदारसंघाचीच नवी वाटणी झाली. सोयऱ्याधायऱ्यांची अकरा गावं शेजाऱ्याच्या ताटात गेली आणि कारखान्यांच्या बजाजनगरच्या अलीकडचं वाढतं शहर खडकवस्तीच्या ताटात पडलं.

या सगळ्यात उमेदवारांनी पक्ष बदलले, चिन्हं बदलली. बदलले नाहीत ते मल्हारी आणि शेजारी विरोधी बाजूनं बसणारा गयास. गयास शहरातल्या गुलमंडीच्या पेठेतून कापड उचलून आठवडी बाजारात विकायचा. मतदानाच्या दिवशी दोघं सकाळी कडाकडा भांडत आणि दुपारी एकाच डब्यातली भाकरी खात. मल्हारीनं आजवर नऊ आक्षेप घेतले होते आणि नऊच्या नऊ खरे ठरले होते. तालुक्याहून येणारे केंद्राध्यक्ष साहेबसुद्धा म्हणत, मल्हारी बोलला म्हणजे शिक्का बसला. याचा त्याला फार गर्व होता, खोटं कशाला सांगायचं.

मग दोन हजार चौदाचा ऑक्टोबर उजाडला. सगळा मुलूख टँकरच्या पाण्यावर जगून कसाबसा उठलेला. बीड-जालन्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं कामासाठी कंपन्यांच्या आसऱ्याला आली होती. मल्हारीच्या जुन्या माळावर पत्र्याच्या खोल्यांच्या चार गल्ल्या उभ्या होत्या आणि तिथली नावं यादीत चढली होती. सकाळपासून दारात सावल्या पडत होत्या आणि मल्हारी गप्प होता. एक ओळखीचा, तर आठ अनोळखी. गयासनं दोनदा तिरक्या नजरेनं पाहिलं आणि पुन्हा यादीत डोकं घातलं. शहाणा माणूस.

अकराच्या सुमाराला कर्मचाऱ्यानं नाव पुकारलं, "दगडाबाई सखाराम काळे."

मल्हारी ताडकन उठला. अखेर एक ओळखीचं नाव आलं होतं!

"थांबा सायेब! आपला आक्षेप हाय. दगडाबाई मेली. म्या सवता खांदा दिलाय तिला."

दोन रुपयांचं नाणं टेबलावर आपटलं आणि सकाळपासून टांगणीला लागलेला त्याचा जीव भांड्यात पडला.

समोर पन्नाशीच्या आतली एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात मतदार कार्ड. कार्डावरचा फोटो इतका काळा, की म्हैससुद्धा खपून गेली असती. साहेबांनी कार्ड पाहिलं, बाईकडं पाहिलं. मल्हारीची कीर्ती त्यांच्या कानावर होतीच.

"बाई, तुम्हाला ओळखणारं रांगेत कुणी आहे?"

बाईनं मागं वळून पाहिलं. रांगेतले लोक एकमेकांनाच ओळखत नव्हते.

"नाय सायेब. गावाकडं असते तर आख्खं गाव आलं असतं. हितं मला कोन वळखतं?"

गयासनं हळूच आपली यादी मल्हारीपुढं सरकवली. "भाऊ, उमर तो देखो. अठ्ठेचाळीस लिहिलीय. अपनी दगडाबाई तो सत्तर के पार की थी."

मल्हारीनं त्या ओळीवर डोळे रोवले. आपल्या दगडाबाईचं नाव यादीतून केव्हाच गेलं होतं. ही दुसरी होती. जगात दोन दगडाबाई काळे असू शकतात हे त्याच्या मनातच आलं नव्हतं, कारण त्याच्या जगात एकच होती. त्याची कानशिलं तापली.

साहेबांनाही उलगडा झाला. "ठीक आहे बाई, करा मतदान."

पण बाई हलेना. "आसं कसं? आदी ह्या बाबाला म्हना, मी जित्ती हाय. पान्यापायी गाव सोडलं, दोन सालं हितं विटा वाह्यल्या, आन् आता कुटं कागदावर नाव आलं, तं ह्यो म्हनतो मेली!" बोलता बोलता तिचा आवाज फुटला.

"राहू द्या हो मामा, बसा," साहेब मल्हारीला म्हणाले.

बसला असता तर भागलं असतं. छत्तीस वर्षांचा शब्द शाबूत राहिला असता, निदान गावापुरता. आपल्यातले दहातले नऊ बसले असते. मी तर नक्कीच. मल्हारीला मात्र त्या बाईचे डोळे बघवेनात. लाज वाटली त्याला, खरीखुरी. त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "बाई जित्ती हाय. हीच दगडाबाई. म्या यादी न बगता बोललो, चुकी माजी."

बाईनं डोळे पुसले आणि शाई लावून घ्यायला बोट पुढं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारी गयासची खुणा केलेली यादी मागून घेऊन पत्र्याच्या खोल्यांकडं निघाला. माणसं पुन्हा पहिल्यापासून पाठ करायची होती, आणि ती त्याला कागदावरून कधीच झाली नसती. पहिल्याच दारात रातपाळी संपवून आलेला एक कामगार आडवा उभा राहिला.

"कोण तुम्ही?"

"मी मल्हारी."

"कोण मल्हारी?"

जिथं तो उभा होता, तिथं त्याच्या बापाची मेंढरं बसायची. हा प्रश्न त्याला या माळावर कुणी कधी विचारलाच नव्हता.

"इथं कुणी ओळखतं का तुम्हाला?" कामगारानं दार लोटत विचारलं.

पलीकडच्या खोलीतून दगडाबाई पिठाच्या हातानं बाहेर आली. मल्हारीला तिनं खालवर न्याहाळलं.

"मी वळखते," ती म्हणाली. "काल मला मारलं ते ह्यांनीच. बसा बाबा, च्या टाकते."