ताशी भाव आणि सातची सौना

तेर्त्तू कैनुलाइनेन हिने सदतीस वर्षे उत्तरेकडच्या बर्फाळ रासिवारा गावाच्या वस्त्यांवर टपाल वाटले आणि तितकी वर्षे लोकांनी आपली घड्याळे तिच्या पिवळ्या गाडीवरून लावली. ती निवृत्त झाली तेव्हा साडेदहा कधी वाजतात ते आता कळत नाही, अशी गावाची तक्रार होती. नवरा जाऊन बारा वर्षे झाली होती. मुलगी मारित दूर औलू शहरात संसारात होती. मागे उरलेल्या एकटेपणाला तेर्त्तूने वेळापत्रक घालून शिस्त लावली: सोमवारी धुणे, बुधवारी काळा पाव, शनिवारी सहाला सौना.

वाफेने अंग शेकायची ही सौना अंगणाच्या कडेला होती. फळ्यांची खोली, पायऱ्यांसारखी चढती बाकडी, विजेची शेगडी आणि तिच्यावर दगडांचा ढीग; तापल्या दगडांवर पाणी ओतले की वाफ उठे. सहाला तेर्त्तू आत जाई आणि सातला रस्त्यापलीकडचा ओइवा. ओइवा जन्मभर जंगलात लाकूडतोड केलेला, अविवाहित, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा गृहस्थ. अकरा वर्षांपूर्वी त्याची सौना बर्फाच्या भाराने बसली. पुढच्या शनिवारी तो टॉवेल घेऊन तेर्त्तूच्या दाराशी उभा राहिला आणि ती बाजूला झाली. आमंत्रण म्हणतात ते एवढेच. वाफ घेऊन झाली की स्वयंपाकघरात कॉफी, भाजलेले सॉसेज आणि साधारण नऊ वाक्ये. त्या टेबलाशी आठवड्यात दुसरे कुणी बसत नसे. तेर्त्तूने हे स्वतःशीही कधी उच्चारले नव्हते, पण तिचा सगळा आठवडा त्या नऊ वाक्यांकडे तोंड करून चालत असे.

नोव्हेंबरात वीज कंपनीचे पत्र आले. एकाच दराचा जुना करार संपत होता आणि पुढे दोन वाटा होत्या. पहिली ताशी भावाची: बाजारात भाव जसा तासातासाला बदलेल तसा घरातही बदलणार. दुसरी घड्याळाची: दिवसा एक दर, रात्री दहा ते सकाळी सात त्याहून स्वस्त, आणि दोन्ही वर्षभर ठरलेले. पहिली वाट महिनाभर चालून पाहण्याची मुभा होती. त्यानंतर मात्र कायमचे कळवायचे होते.

"आई, ताशीच घे," मारित फोनवर म्हणाली. "वारा सुटला की पवनचक्क्या फिरतात, वीज जवळजवळ फुकट. आम्ही कधीचं घेतलंय."

"आणि वारा पडला की?"

"मग थांबायचं. तुला कुठे कामावर जायचंय?"

हे वाक्य तेर्त्तूला लागले. कामावर जाणाऱ्यांपेक्षा आपण हे अधिक चोख करून दाखवू, असे तिने मनाशी ठरवले आणि ताशी भाव घेतला.

पहिल्या आठवड्यातच तिला या खेळाने झपाटले. फोनवर उद्याच्या चोवीस तासांचे भाव दुपारी येत. ते ती चष्मा पुसून दोनदा वाचे. खिडकीतून पाइनचे शेंडे हलताना दिसले की पिठात हात घाली. वादळाच्या एका मंगळवारी तिने घरातले पडदे, सतरंज्या आणि नवऱ्याचा जुना डगलासुद्धा धुऊन काढला. दुकानात गल्ल्यावरची बाई तिला आता हवामानखात्याच्या वर मान देऊ लागली.

"तेर्त्तू, केक आज लावू की उद्या?"

"उद्या अकरानंतर. समुद्राकडून वारा येतोय."

"बिघडला तर?"

"केक बिघडला तर तुझा हात, वीज महागली तर माझी जबाबदारी."

शनिवार मात्र कुणाचे ऐकणारा नव्हता. त्या शनिवारी गारठा पडला, वारा मेला आणि संध्याकाळी सहाचा भाव फोनवर लाल झाला. दुपारी दोनचा मात्र निम्म्याहून कमी होता. तेर्त्तूने दोनला शेगडी लावली, वाफ घेतली, तीनला बंद केली. ओइवाला लवकर ये म्हणून सांगावे असे तिच्या मनात आले. पण अकरा वर्षांत त्याला कधी ये म्हटलेले नव्हते. आता घड्याळ सांगून बोलावणे म्हणजे फारच बोलल्यासारखे झाले असते. 'दगड ऊब धरतात,' असे तिने स्वतःला समजावले.

सातला ओइवा आला, आत गेला, नेहमीइतका वेळ बसला. दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज तिला ऐकू आला नाही. म्हातारा झालाय, वाफ सोसत नसेल, असा तिने अर्थ लावला. कॉफी पिताना तो म्हणाला, "बरं होतं." वाक्ये सहाच झाली.

पुढच्या शनिवारी स्वस्त तास पहाटे पाचचा निघाला. संध्याकाळी सातपर्यंत सौनात तळ्याकाठच्या होडीइतकीच ऊब उरली होती. ओइवा पंधरा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा केस ओले होते आणि नाक बीटासारखे लाल. "बरं होतं," तो म्हणाला. कॉफीचा पेला त्याने दोन्ही हातांनी धरला होता. त्या दिवशी वाक्ये तीन झाली.

तिसऱ्या शनिवारी तो आलाच नाही.

तेर्त्तूने दोन पेले मांडले होते. सव्वासात झाले, साडेसात झाले. सॉसेजची साल सुरकुतली. फोनवरचा आलेख तिने सवयीने उघडला आणि पहिल्यांदाच त्यातले काही न वाचता मिटला. मग बूट चढवून ती रस्ता ओलांडून गेली.

ओइवा स्वयंपाकघरात घमेल्यात पाय घालून बसला होता. खांद्यावर टॉवेल होता.

"आजारी आहेस?"

"नाही."

"मग?"

"तुझी ओढाताण चाललीय, तेर्त्तू. माझ्यापायी आणखी वीज कशाला जाळायची?"

"माझी ओढाताण? कुणी सांगितलं?"

"दगडांनी."

तेर्त्तू खुर्ची ओढून बसली. "थंडगार सौनात पंधरा मिनिटं बसलास? आणि वर बरं होतं म्हणालास?"

"काय म्हणणार? दुसऱ्याच्या सौनाला नावं ठेवतात का?" ओइवाने टेबलाकडे बोट केले. तिथे कागदात गुंडाळलेला मासे भरलेला पाव होता. "तो उद्या देणार होतो. दाराशी ठेवून. चार दिवस तरी जातील तुझे."

गावभर विजेच्या शहाणपणासाठी नावाजलेली तेर्त्तू कुणाच्या तरी मते पावाला महाग झाली होती! तिला आधी संताप आला, मग हसू फुटले, आणि ते आवरेना. हसत हसतच तिने ताशी भावाची सगळी गोष्ट ओइवाला सांगितली. सगळे ऐकून झाल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "म्हणजे तू गरीब नाहीस."

"नाही रे, मूर्ख आहे."

"ते चालेल," ओइवा म्हणाला आणि पाय पुसू लागला.

सोमवारी आठच्या ठोक्याला तिने वीज कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "महिना तर छान गेलाय तुमचा. ताशी भावात तुमचा फायदाच आहे."

"फायदा पाहिला मी. त्याचं नाक लाल झालं होतं. मला सांग, घड्याळाच्या करारात शनिवारी सहाला कोणता दर?"

"दिवसाचाच. म्हणजे महागडा."

"दर शनिवारी तेवढाच?"

"वर्षभर तेवढाच."

"मग तोच लिही. पाण्याची टाकी आणि धुणं मी रात्रीवर टाकीन, ते कुणाची वाट पाहत नाहीत."

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पारा उणे एकतिसावर उतरला आणि धुराड्यांचा धूर सरळ काठीसारखा उभा राहिला. सात वाजायला थोडे कमी असताना मारितचा फोन आला. "आई, आज बाजारात भाव काय झालाय पाहिलास? मी तर सगळं बंद करून दोन स्वेटर घालून बसलेय. तू काय करतेस?"

"आत्ताच सौनातून आले. अजून तापवतेय."

"या वेळी?"

"याच वेळी. तू सुट्टीत ये, मी स्वेटर काढायला लावते." दारावर बूट झटकल्याचा आवाज आला. "ठेवते आता, ओइवा आलाय."

त्या दिवशी ओइवाने दगडांवर इतके पाणी ओतले की चर्र आवाज थेट स्वयंपाकघरात ऐकू आला. तो बाहेर आला तेव्हा उघड्या पाठीवरून वाफ निघत होती. कॉफीबरोबर तो जे बोलू लागला, ते तेर्त्तूने अकराव्या वाक्यानंतर मोजायचे सोडून दिले.